दुःखाचा राग होतो तेव्हा : १५ वर्षांच्या एका मुलाचे प्रकरण

सोमवारी सकाळी शाळेतील क्रीडासाहित्याच्या खोलीचे कुलूप तुटलेले आढळले. आत दोन खिडक्यांच्या काचा फुटलेल्या होत्या, चेंडू ठेवण्याची जाळी फाडलेली होती आणि भिंतीवरची विजेत्या संघांची छायाचित्रे जमिनीवर पडलेली होती. टेबलाचा खण उघडा होता आणि सामन्यांच्या प्रवासासाठी जमवलेली रक्कम त्यात एका पाकिटात तशीच होती. टेबलावरच्या सरावाच्या हजेरीवहीतले मात्र एक पान, फक्त एकच पान, फाडून त्याचे नखाएवढे तुकडे केलेले होते. ते जुळवून पाहिल्यावर एका नावापुढे लाल शाईच्या तीन फुल्या दिसल्या, आणि त्याच दिवशी दुपारी त्या नावाच्या मुलाने, फारसे आढेवेढे न घेता, हे आपणच केल्याचे सांगितले.

हा मुलगा म्हणजे कोणी एक विशिष्ट मुलगा नव्हे. किशोरवयीन गुन्हेगारीच्या प्रकरणांत जे घटक पुन्हा पुन्हा एकत्र येताना दिसतात, ते एका आयुष्यात गुंफून हे प्रकरण अभ्यासासाठी रचले आहे. त्यामुळे यातील निष्पत्ती पुरावा म्हणून न वाचता, अशा घटनेचा उलगडा कसा करावा याचा नमुना म्हणून वाचावी. प्रश्न असा आहे : ज्याच्या नावावर तोपर्यंत एकही गंभीर तक्रार नव्हती, अशा मुलाच्या हातून चौदा महिन्यांत हाणामारी, चोरी आणि तोडफोड कशी घडली?

चौदा महिने

घटनेपूर्वी चौदा महिने वडिलांची नोकरी गेली. त्याआधीचा मुलगा अभ्यासात मध्यम, धावण्यात उत्तम आणि आठ वर्षांच्या धाकट्या बहिणीचा लाडका असा होता. नोकरी गेल्यावर घरात लगेच काही उलथापालथ झाली नाही. वडील गप्प बसू लागले आणि मग क्षुल्लक कारणांवरून, म्हणजे दारात पडलेल्या बुटांवरून किंवा चालू राहिलेल्या दिव्यावरून, भडकू लागले. रात्री उशिरा आईवडिलांची भांडणे सुरू झाली, की बहीण उशी घेऊन भावाच्या अंथरुणात येई आणि तिला झोप लागेपर्यंत तो जागा राही.

पाचव्या महिन्यात वडील कामाच्या शोधात दुसऱ्या गावी गेले. रोज संध्याकाळी फोन करीन, असे त्यांनी सांगितले होते आणि काही आठवडे त्यांनी ते पाळलेही. सातव्या महिन्यात घर सोडून लहान जागेत जावे लागले आणि ऐन सत्राच्या मध्यावर शाळा बदलली. नव्या शाळेत त्याला कोणी ओळखत नव्हते, पण निवड चाचणीत त्याने रिले संघात जागा मिळवली, तीही शेवटच्या टप्प्याच्या धावपटूची. नव्या शाळेत ‘माझे’ म्हणावे असे त्याच्याकडे एवढेच होते, हे पुढचे सगळे समजून घेताना विसरता येत नाही.

दहाव्या महिन्यात आईला पहाटेच्या पाळीचे काम मिळाले. बहिणीला उठवणे, तिचे आवरणे आणि तिला शाळेत सोडणे ही जबाबदारी त्याच्यावर आली आणि तिच्या शाळेची वेळ नेमकी त्याच्या सरावाच्या वेळेवर पडत होती. याविषयी तो शाळेत कोणाशी बोलला नाही, कारण घरातल्या गोष्टी बाहेर सांगायच्या नाहीत, असे आईने बजावले होते. आईच्या बाजूने पाहिले तर हे बजावणेही समजण्यासारखे आहे. जिचे सगळेच उघड्यावर आले आहे, ती निदान घरातली गोष्ट तरी झाकून ठेवू पाहते. पण त्यामुळे मुलाच्या गैरहजेरीमागचे कारण अदृश्य झाले आणि वहीत उरल्या त्या फक्त फुल्या.

अकराव्या महिन्यात तिसरी फुली पडली, तेव्हा क्रीडाशिक्षकांनी संपूर्ण संघासमोर त्याचे नाव कमी केले आणि शेवटचा टप्पा दुसऱ्या मुलाला दिला. “तुला याचं गांभीर्यच नाही,” एवढेच ते म्हणाले. बाराव्या महिन्यात त्याच मुलाने संघातून काढल्यावरून त्याला चिडवले. हाणामारी झाली, समोरच्याच्या नाकातून रक्त आले आणि याला पाच दिवस शाळेतून निलंबित करण्यात आले. ते पाच दिवस त्याने रस्त्यावर काढले. त्या काळात शाळा सोडलेल्या १७-१८ वर्षांच्या मुलांच्या टोळक्याशी त्याची ओळख झाली आणि त्यांच्यासोबत त्याने एक सायकल पळवली. तेराव्या महिन्यात तो वर्गात परतला, तेव्हा त्याची जागा बदललेली होती आणि सामन्यांना प्रेक्षक म्हणून जाण्याचीही त्याला मनाई होती. वडिलांचा फोन आला तो “आईला आणखी त्रास देऊ नकोस” असे सांगण्यासाठी आणि एवढे बोलून तो बंद झाला.

चौदाव्या महिन्यात, एका रविवारी रात्री, त्याने क्रीडासाहित्याची खोली फोडली. तेव्हा तो एकटा होता.

ताणाचे तीन प्रकार आणि एक अपुरी बेरीज

गुन्हेगारीचा ताणाशी संबंध जोडण्याची परंपरा जुनी आहे. समाजशास्त्रज्ञ रॉबर्ट मर्टन यांनी १९३८ मध्ये असे मांडले, की समाज सर्वांना यशाची सारखीच स्वप्ने दाखवतो, पण ती गाठण्याचे सरळ मार्ग सर्वांना सारखे देत नाही आणि या तफावतीतून विचलित, म्हणजे समाजाचे नियम मोडणारे, वर्तन जन्मते. ही मांडणी प्रामुख्याने आर्थिक यशाभोवती फिरत होती. पंधरा वर्षांच्या मुलाची दैनंदिन दुःखे तिच्यात मावत नव्हती. रॉबर्ट अ‍ॅग्न्यू या गुन्हेशास्त्रज्ञांनी १९९२ मध्ये सामान्य ताण सिद्धांत मांडून तिची व्याप्ती वाढवली. त्यांच्या मते ताण तीन वाटांनी येतो : हवे ते ध्येय गाठण्यात अडथळा येणे, जवळचे किंवा मोलाचे काही हिरावले जाणे आणि नकोशा, त्रासदायक गोष्टींना सामोरे जावे लागणे. या ताणातून नकारात्मक भावना निर्माण होतात आणि त्या शमवण्याचे चांगले मार्ग हाताशी नसतील, तर गुन्हा हाच त्यांच्याशी झुंजण्याचा एक मार्ग होऊन बसतो.

या प्रकरणात तिन्ही वाटा दिसतात. वडील, जुने घर आणि जुने मित्र हिरावले गेले. रात्रीची भांडणे, वडिलांचा भडका आणि वर्गातील चिडवणे हे नकोसे अनुभव नित्याचे झाले. संघातील जागा, म्हणजे स्वतःच्या कष्टाने गाठलेले ध्येय, तर मिळवून गमावले गेले. इथवर विश्लेषण सोपे आहे आणि अनेक अहवाल इथेच थांबतात : ताण खूप होता, म्हणून मुलगा बिघडला.

मला हे उत्तर अपुरे वाटते. ताणाची नुसती बेरीज करायची झाली, तर तिच्यासाठी मोजपट्ट्या आहेत. होम्स आणि राहे या मानसोपचारतज्ज्ञांनी १९६७ मध्ये आयुष्यातील ४३ घटनांना गुण देणारी जी मोजपट्टी प्रौढांसाठी तयार केली, तिच्यात जोडीदाराच्या मृत्यूला सर्वाधिक, म्हणजे १०० गुण होते. अशा कोणत्याही मोजणीत वडिलांचे दूर जाणे, घर बदलणे आणि शाळा बदलणे या घटना वर राहतील आणि शालेय संघातून नाव कमी होणे तळाशी जाईल किंवा यादीत येणारही नाही. पण मुलाने ना घराची काच फोडली, ना वडिलांचे काही मोडले. त्याने फाडले ते हजेरीचे पान. बेरीज एकीकडे बोट दाखवते आणि कृत्य दुसरीकडे, तेव्हा कृत्यावर विश्वास ठेवावा.

वाक्यात कर्ता आला

घटनेनंतर सुरू झालेल्या समुपदेशनाच्या दुसऱ्या भेटीत समुपदेशिकेने त्याला वर्षभरातील घटना क्रमाने लिहायला सांगितल्या आणि प्रत्येकीपुढे त्या वेळी काय वाटले तेही नोंदवायला सांगितले. त्याने सात ओळी लिहिल्या. पहिल्या चार अशा होत्या : “बाबांची नोकरी गेली. घरात भांडणं झाली. बाबा गावाला गेले. घर बदललं.” त्यांच्यापुढे त्याने “वाईट वाटलं”, “झोप यायची नाही”, “वाईट वाटलं” आणि “काही नाही” असे लिहिले होते. पाचवी ओळ होती, “सरांनी मला काढलं.” पुढे एकच शब्द होता, “राग”. सहावी होती, “मुख्याध्यापकांनी मला घरी बसवलं,” आणि सातवी, “बाबांनी फोन ठेवून दिला.” दोन्हींपुढे पुन्हा राग.

पहिल्या चार वाक्यांत गोष्टी गेल्या, झाल्या, बदलल्या. वडील गावाला गेले, तेही नोकरी गेली तसेच. कोणी कोणाला काही केले, असे त्यांत कुठेच नाही. पाचव्या वाक्यात प्रथमच कोणीतरी ‘मला’ काहीतरी करतो. नोकरी ‘जाते’, घर ‘बदलते’, पण मुलाला संघातून कोणीतरी ‘काढते’. अ‍ॅग्न्यू यांच्या मांडणीतील एक कळीचा मुद्दा या व्याकरणात स्वच्छ दिसतो : आपल्या वाट्याला आलेल्या दुःखाचा दोष माणूस दुसऱ्या कोणावर ठेवतो, तेव्हा त्या दुःखाचा राग होतो. नैराश्य, भीती आणि हताशपणा यांचाही सिद्धांतात समावेश आहे, पण रागाला त्यात विशेष स्थान आहे. खिन्न माणूस आत मिटतो, उलट राग अंगात बळ आणतो, परिणामांचा विचार मागे ढकलतो, स्वतःला आवरण्याची शक्ती कमी करतो आणि परतफेडीची ओढ लावतो, शिवाय ती परतफेड त्या घटकेला न्याय्यही वाटायला लावतो.

कोणता ताण गुन्ह्याकडे नेण्याची शक्यता अधिक, याचा खुलासा अ‍ॅग्न्यू यांनी २००१ मध्ये केला. जो ताण अन्यायाचा वाटतो, जो तीव्र असतो, ज्याच्यासोबत सामाजिक बंधने सैल होतात आणि जो गुन्हेगारी मार्गाने सुटण्याचा मोह किंवा दबाव निर्माण करतो, तो अधिक धोक्याचा. ताण बाहेरून केवढा दिसतो आणि भोगणाऱ्याला केवढा वाटतो, हा फरकही त्यांनी तिथे स्पष्ट केला. संघातून काढले जाणे बाहेरून लहान होते. मुलाच्या लेखी तो अन्याय होता, कारण तो झोपून राहिल्याने नव्हे, तर बहिणीला शाळेत सोडत असल्याने गैरहजर होता. बेजबाबदार ठरवले गेले ते नेमके जबाबदारी पार पाडल्याबद्दल. “एकदा विचारायचं तरी होतं, का येत नाहीस म्हणून,” हे वाक्य त्याने तीन भेटींत मिळून चार वेळा उच्चारले.

दोन गोष्टींनी हा राग अधिक पेटता ठेवला. एक म्हणजे झोप. महिनोन्‌महिने अपुरी झोप झालेल्या किशोरवयीन मुलाची चिडचिड वाढते आणि भावना आवरण्याची क्षमता घटते. मेंदूचा जो पुढचा भाग आवेगाला लगाम घालतो, तो विशीच्या मध्यापर्यंत परिपक्व होत असतो, त्यामुळे या वयात हा लगाम मुळातच ढिला असतो. दुसरी म्हणजे इतरांच्या वागण्याचा लावला जाणारा अर्थ. आक्रमक मुले दुसऱ्याच्या संदिग्ध कृतीमागे वाईट हेतू गृहीत धरतात, हे मानसशास्त्रज्ञ केनेथ डॉज यांनी १९८० मध्ये प्रयोगातून दाखवले होते. निलंबनानंतर परतलेल्या या मुलाला वऱ्हांड्यात कोणीही हसले, तरी ते आपल्यालाच हसले असे वाटे. त्यातले काही हसू खरोखर त्याच्यावर असेलही, सगळे नक्कीच नव्हते.

शिक्षेने काय केले

या प्रकरणातील सर्वांत अस्वस्थ करणारा भाग मुलाच्या नव्हे, तर मोठ्यांच्या वागण्यात आहे. चिडवण्यावर हाणामारी हे उत्तर नव्हे आणि ज्याच्या नाकातून रक्त आले, त्या मुलाची बाजू शाळेने घेणे आवश्यकच होते. पण पाच दिवसांच्या निलंबनाने प्रत्यक्षात काय साधले, हे पाहिले पाहिजे. आई कामावर, वडील दूर, अशा मुलाला शाळेच्या वेळेत जिथे कोणीही मोठे माणूस नाही, अशा ठिकाणी पाठवले गेले. मुलाला धरून ठेवणारा संघाचा धागा आधीच तुटला होता, शाळेचा धागाही पाच दिवसांसाठी सोडला गेला आणि त्या मोकळ्या वेळेत त्याला हाक मारली ती सायकल पळवणाऱ्यांनी. अ‍ॅग्न्यू आणि त्यांच्या सहसंशोधक हेलीन व्हाइट यांनी १९९२ मध्ये किशोरवयीनांच्या पाहणीतून दाखवले होते, की गुन्हेगारी वर्तन करणारे मित्र असतील, तर ताणाचा परिणाम अधिक तीव्र होतो आणि परिस्थिती आपल्या आवाक्यात आहे असा विश्वास असेल, तर तो सौम्य होतो. निलंबनाने पहिली गोष्ट पुरवली आणि दुसरी आणखी कमी केली. प्रत्येक शिक्षा आधीच्या ताणात भर घालत गेली आणि प्रत्येक भर पुढच्या शिक्षेचे कारण ठरत गेली.

सगळा दोष संगतीला द्यावा, असा आग्रह शाळेच्या बैठकीत काहींनी धरला. संगतीचा वाटा नाकारता येत नाही. सायकलीची चोरी त्या संगतीशिवाय घडली नसती. मित्रांकडून त्याने बोलण्याची एक रीतही उचलली होती. “कुणाला लागलं तर नाही ना, काचाच फुटल्या,” आणि “सुरुवात त्यांनी केली,” ही त्याची वाक्ये साइक्स आणि मात्झा या समाजशास्त्रज्ञांनी १९५७ मध्ये वर्णन केलेल्या, स्वतःच्या गैरकृत्याच्या समर्थनाच्या तंत्रांत नेमकी बसतात. पहिल्यात हानी नाकारली जाते आणि दुसऱ्यात हानी सोसणाऱ्याचा बळी असण्याचा हक्कच नाकारला जातो. पण खोली फोडताना तो एकटा होता, पैशांना त्याने हात लावला नाही आणि फाडलेले पान त्याचे स्वतःचे होते. संगतीने त्याला कुलूप तोडण्याचे धैर्य दिले असेल, ते कुलूप कोणत्या दाराचे असावे हे मात्र रागाने ठरवले.

त्याच घरात वाढणारी बहीण मग का बिघडली नाही, हा प्रश्नही विचारला गेला. तिलाही ताण सोसला नाही, पण तो वेगळ्या वाटेने बाहेर पडला. सकाळी तिच्या पोटात दुखत असे आणि सोडून दिलेली अंथरूण ओले करण्याची सवय परत आली होती. तिचा त्रास कोणाच्या मालमत्तेला लागला नाही, म्हणून तो कोणत्याच नोंदीत आला नाही. तिचे वय आणि परिस्थिती भावापेक्षा इतकी वेगळी होती, की दोघांची थेट तुलना करणे योग्य नाही. ताण मुलांच्या अंगात कोणत्या रूपाने उतरतो, हे वय, स्वभाव आणि हाताशी असलेले आधार यांवर ठरते, एवढे त्यातून दिसते.

मुलाला तुरुंग दाखवून आणावा, म्हणजे धाक बसेल, अशीही एक सूचना आली. ती देणाऱ्याचा हेतू चांगला होता, पण मार्ग चुकीचा होता. कैद्यांना भेटवून मुलांना घाबरवणाऱ्या कार्यक्रमांची प्रायोगिक तपासणी झालेली आहे आणि त्यांच्या एकत्रित आढाव्यात असे आढळले आहे, की ज्यांच्यासाठी काहीच केले गेले नव्हते, अशा मुलांपेक्षा या कार्यक्रमांतून गेलेल्या मुलांकडून पुढे अधिक गुन्हे घडले. ज्याचा मूळ प्रश्न अपमान हा आहे, त्याला भीती घालण्याने तो प्रश्न सुटत नाही.

केलेली योजना

सुरुवात मुलाच्या मनापासून नव्हे, तर सकाळच्या वेळापत्रकापासून करण्यात आली. बहिणीच्या शाळेने तिला अर्धा तास आधी आत घेण्याचे मान्य केले. या एका बदलाने सरावाला वेळेवर पोहोचणे शक्य झाले आणि कोणतेही समुपदेशन हे करू शकले नसते. घरची परिस्थिती वर्गशिक्षिकेला किती सांगायची, हे आईने स्वतः ठरवले. उशिरा येण्याचे कारण मुलाने चिठ्ठीवर लिहून थेट वर्गशिक्षिकेला द्यावे आणि ते वर्गासमोर विचारले जाऊ नये, असे ठरले.

रागावर काम दहा भेटींत झाले. राग चढताना शरीरात काय होते, हे ओळखण्यापासून सुरुवात झाली. त्याच्या बाबतीत कान तापत आणि जबडा आवळला जाई. त्या क्षणी जागा सोडणे, नंतर समोरच्याच्या वागण्याची निदान आणखी दोन कारणे शोधणे, आणि गरज पडल्यास तक्रार शब्दांत मांडणे, याचा सराव करून घेण्यात आला. शेवटची गोष्ट त्याला सर्वांत अवघड गेली, कारण घरात तक्रार मांडणे म्हणजे भांडण, असेच त्याने पाहिले होते.

क्रीडाशिक्षकांशी भेट सहाव्या आठवड्यात झाली. नुकसान झालेल्या खोलीतच सगळे बसले. शिक्षकांनी फुटलेल्या छायाचित्रांपैकी एक हातात घेऊन सांगितले, की त्यातला डावीकडून दुसरा मुलगा म्हणजे ते स्वतः होत. मुलगा बराच वेळ त्या चित्राकडे पाहत राहिला. “मला माहीत नव्हतं, सर,” तो म्हणाला. शिक्षक म्हणाले, “मलाही माहीत नव्हतं, तू सकाळी कुठे असतोस ते. मी विचारायला हवं होतं.” पण काचा फोडल्याचा हिशेब यामुळे माफ झाला नाही. चार शनिवार त्याने जाळी विणणे, चौकटी दुरुस्त करणे आणि साहित्याची यादी करणे ही कामे केली. सायकलीची गोष्ट त्याने याच काळात आपणहून सांगितली आणि ती सायकल मालकाला परत करण्यात आली.

वडिलांच्या बाबतीत योजना अर्धीच यशस्वी झाली. रोजच्या फोनऐवजी आठवड्यातून एकदा, ठरलेल्या वेळी, असे ठरले, कारण मोडलेल्या मोठ्या वचनापेक्षा पाळलेले छोटे वचन मुलाच्या अधिक उपयोगी पडते. सहा महिन्यांत बहुतेक फोन आले, काही आले नाहीत. न आलेल्या फोननंतरच्या सोमवारी एकदा वर्गात धक्काबुक्की झाली, पण त्यानंतर पाच मिनिटांत मुलगा स्वतः वर्गशिक्षिकेकडे गेला आणि काय झाले ते त्याने सांगितले.

सहा महिन्यांच्या आढाव्यात तोडफोडीची किंवा चोरीची नवी नोंद नाही. गुण अजून पूर्वीच्या पातळीवर आलेले नाहीत. जुन्या टोळक्यातील दोघांशी त्याचे बोलणे आहे आणि ते बळजबरीने तोडण्याऐवजी सराव व अभ्यास यांनी संध्याकाळ भरून काढण्यावर भर आहे. संघात तो राखीव धावपटू आहे. शेवटचा टप्पा अजूनही दुसऱ्याच मुलाकडे आहे आणि दोघे बॅटन देण्याघेण्याचा सराव एकत्र करतात. बहिणीसाठी वेगळ्या भेटी सुरू केल्या आहेत आणि त्या आधीच सुरू व्हायला हव्या होत्या. पुढच्या महिन्यापासून आईची पाळी बदलत आहे, ती आता दुपारी जाऊन रात्री उशिरा परत येईल, त्यामुळे सकाळसाठी केलेली सगळी व्यवस्था संध्याकाळसाठी नव्याने बसवावी लागणार आहे आणि आढाव्याची पुढची बैठक त्यासाठीच ठेवली आहे.